लहान मुलांसोबत बघायला रानावनातला चांगला साहसपट कोणता?

सहा आणि अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन सगळ्या घराने बघावा असा रानावनातला साहसपट तुम्ही विचारलाय. धाकटी प्राण्याला काही झालं की रडत उठून जाते, असंही लिहिलंय. माझ्या मते नावांपेक्षा हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

या चित्रपटांमध्ये बहुतेक वेळा सुरुवातीलाच आई किंवा वडील जातात. 'द ब्लॅक स्टॅलियन'मध्ये (1979) जहाज बुडतं आणि मुलाचे वडील दगावतात. 'फ्लाय अवे होम' (1996) आईच्या अपघातापासूनच सुरू होतो. 'द बेअर'मध्ये (1988) मध काढताना दरड कोसळते आणि अस्वलाच्या पिल्लाची आई तिच्याखाली सापडते. कारण सरळ आहे. आईवडील शेजारी असले तर ते लेकराला रानात एकटं सोडतील कशाला, आणि गोष्ट घडेल कशी?

मला हे ठाऊक नव्हतं. मुलगी सहा वर्षांची असताना मी तिच्यासोबत 'द बेअर' लावला. पिल्लू मेलेल्या आईला बिलगलं तसे तिचे डोळे भरले, आणि मी घाबरून तो भाग पुढे ढकलला. ती माझी चूकच झाली. पुढे पिल्लू एका जखमी, मोठ्या नर अस्वलाच्या मागे लागतं, तो गुरगुरला तरी हटत नाही. मुलगी सारखी विचारत राहिली, "पण हे आपल्या आईकडे का जात नाही?" शेवटी बंद केला. वर्षभराने पहिल्यापासून नीट पाहिला, तिला कुशीत घेऊन. तेव्हाही रडली, पण उठली नाही.

त्यात एक प्रसंग आहे. प्यूमा, म्हणजे अमेरिकेतला बिबट्यासारखा मोठा रानटी प्राणी, पिल्लाला ओढ्याकाठी गाठतो, पळायला जागाच उरत नाही. पिल्लू जीव खाऊन ओरडतं, अगदी चिरक्या आवाजात, आणि तो प्यूमा चक्क मागे सरतो. आपल्याला वाटतं, पिल्लाला घाबरला! मग दिसतं की पिल्लाच्या पाठीमागे ते थोरलं अस्वल उभं आहे. मुलीने हा भाग त्या दिवशी तीनदा लावायला लावला. ते मोठं अस्वल खरं आहे, बार्ट नावाचं शिकवलेलं कोडियाक, म्हणजे अलास्काकडच्या प्रचंड तपकिरी जातीचं अस्वल. गोष्ट 1885 सालच्या, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातली, पण चित्रण मुख्यतः इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात झालं. संवाद नावापुरतेच, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. मात्र शिकारी कुत्र्यांशी झुंज आणि अस्वलांच्या मीलनाचा एक प्रसंग आहे, तेव्हा आधी तुम्ही एकट्याने बघून ठेवा. अकरा वर्षांच्या मुलाला चालेल, धाकटीसाठी थोडं थांबा.

धाकटीसाठी सुरुवात 'द इन्क्रेडिबल जर्नी'ने करा, 1963 सालचा. दोन कुत्रे आणि एक सयामी मांजर, मालक लांब गेलेले, आणि तिघं कॅनडाच्या रानातून घराकडे निघतात. तिघंही सुखरूप पोचतात, हे तिला आधीच सांगून टाका. शेवट कळला तर मजा जाते, हे मोठ्यांचं झालं. हळव्या मुलाला शेवट माहीत असला की ते मधला धोका निवांत बघू शकतं. याच गोष्टीवर 1993 मध्ये पुन्हा चित्रपट आला, त्यात प्राणी माणसांच्या आवाजात बोलतात. मुलं त्यात खूप हसतात, पण मला जुनाच आवडतो. प्राणी गप्प असले की कान आणि शेपटीवरून मुलं स्वतः ओळखायला लागतात.

सगळं कुटुंब एकत्र राहतं असा हवा असेल तर 'द अॅडव्हेंचर्स ऑफ द विल्डरनेस फॅमिली' (1975). मुलीच्या आजारपणामुळे लॉस एंजेलिस सोडून घरचे सगळे रॉकी पर्वतात जातात आणि ओंडक्यांचं घर बांधतात. थोडा भाबडा आहे. अस्वलाची पिल्लं इतकी सहज जवळ घ्यायची नसतात, एवढं मुलांना बघता बघता सांगा.

आणि 'फ्लाय अवे होम' सोडू नका. अंड्यातून बाहेर आल्यावर हंसाची पिल्लं जे पहिल्यांदा हलताना दिसतं त्यालाच आई मानतात, आणि स्थलांतराची वाट मोठ्यांच्या मागे उडतच शिकतात. इथे ती पिल्लं आई गमावलेल्या मुलीलाच आई समजतात, मग तिला छोट्या विमानातून पुढे उडावं लागतं. हे मनचं नाही. कॅनडातल्या बिल लिशमन यांनी 1993 मध्ये अशाच हंसांना विमानामागे ओंटारिओहून व्हर्जिनियापर्यंत नेलं होतं. अपघाताचा प्रसंग अगदी पहिला आहे, तेवढा वेळ धाकटीला मांडीवर घ्या, आणि पुढे ढकलू नका.