‘डीओ म्हणजे हाडवैद्य का हो, ताई?’

फोन उचलल्यावर पहिलंच वाक्य हे. मार्च २०२४ मधली रविवारची सकाळ. न्यू जर्सीतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी पोह्यांची फोडणी करत होते. पलीकडच्या बाई मराठी मंडळाच्या ओळखीतल्या. त्यांच्या मुलीला (तिला आपण ईशा म्हणू) दोन ऑस्टियोपॅथिक मेडिकल कॉलेजांत (तिथली पदवी म्हणजे डीओ) प्रवेश मिळाला होता आणि एका एमडी कॉलेजात ती वेटिंग लिस्टवर होती. अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी. बातमी पुण्याला पोचली आणि तिच्या आत्याने, ज्या स्वतः बालरोगतज्ज्ञ आहेत, विचारलं होतं, “अगं, ऑस्टियोपॅथ म्हणजे पाठ-कंबर मोकळी करून देणारे ना? त्याला चार वर्षं आणि एवढे डॉलर?”

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की ईशाच्या परवानगीने तिची हकिगत लिहायची ठरवली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आत्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. ब्रिटनमध्ये ऑस्टियोपॅथ म्हणजे हातांनी उपचार करणारे. ते औषधाची चिठ्ठी देत नाहीत. आपल्याकडे जे ‘ऑस्टियोपॅथ’ अशी पाटी लावतात तेही साधारण त्याच वळणाचे. अमेरिकेत मात्र गाडी वेगळ्या रुळावर गेली. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८९२ साली मिझुरीतल्या कर्क्सव्हिल या गावात पहिली शाळा काढली. त्या काळी औषध म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या पाऱ्याला तो विटला होता. पुढच्या शंभर वर्षांत हे शिक्षण मुख्य वैद्यकशास्त्रात मिसळून गेलं. आज डीओला पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो: औषधं, शस्त्रक्रिया, सगळं. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला, मान्यता देणारी संस्थाही एकच आहे. हाडा-स्नायूंवरचे हस्तोपचार डीओला जादा शिकावे लागतात, हा मुख्य फरक.

मला यातला सगळ्यात आवडता किस्सा १९६२चा. कॅलिफोर्नियात तेव्हा सुमारे दोन हजार डीओंनी ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेतली. डॉक्टर तेच, पेशंट तेच, पाटीवरची अक्षरं बदलली.

संध्याकाळी तिघं घरी आली. ईशाचे बाबा फाइल घेऊन आले होते. त्यांनी आदल्या रात्री बसून शोधलं होतं की ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले डॉक्टर शॉन कॉन्ली आणि बायडन यांचे डॉक्टर केव्हिन ओ’कॉनर, दोघंही डीओ. त्या वर्षीच्या मॅचचे, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांच्या देशभरच्या वाटपाचे, आकडेही होते: अमेरिकन कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना रेसिडेन्सी मिळाली, डीओंपैकी ९२.३ टक्क्यांना. “म्हणजे मॅडम, काळजीचं कारण नाही. मग घराजवळचं कॉलेज घेऊन टाकू. दोन तासांवर आहे. रविवारी डबा पोचवता येईल.”

इथे मला त्यांना थांबवावं लागलं. ते ९२.३ टक्के सगळ्या कॉलेजांचे मिळून. त्यावरून एका कॉलेजची परीक्षा करणं म्हणजे महाराष्ट्राचा दहावीचा निकाल बघून गल्लीतल्या शाळेत नाव घालण्यासारखं. पदवीची शंका अर्ध्या तासात फिटते. कॉलेज कुठलं, या प्रश्नाला खरा वेळ द्यायला हवा, आणि नेमकं तिथेच आपली माणसं नवी काचेची इमारत बघून विरघळतात.

घराजवळचं कॉलेज नवं होतं. त्याची पहिली तुकडी अजून बाहेर पडली नव्हती, त्यामुळे कोका, म्हणजे ऑस्टियोपॅथिक कॉलेजांना मान्यता देणारं मंडळ, त्याची पूर्वमान्यताच होती. पूर्ण मान्यता पहिली तुकडी पदवीपर्यंत पोचते तेव्हा मिळते. यात गैर काही नाही, प्रत्येक कॉलेज कधीतरी नवं असतंच. पण मग रेसिडेन्सीचा निकाल विचारून उपयोग नाही, तो अजून लागलेलाच नाही. दुसरं कॉलेज मिडवेस्टमधलं, जुनं. इमारत पाहून ईशाच्या आईला तालुक्याची पंचायत समिती आठवली.

नव्या कॉलेजचा कॉमलेक्स लेव्हल वनचा (ही डीओंच्या परवान्यासाठीची पहिली परीक्षा) पहिल्या फटक्यातला निकाल मात्र जुन्यापेक्षा चार-पाच टक्क्यांनी सरस. बाबांनी त्यावर हिरवी खूण केली होती.

“किती जण परीक्षेला बसले?” मी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे भलेभले फसतात. बरीच कॉलेजं कॉमसे नावाची सराव परीक्षा आधी घेतात आणि तिच्यात ठरावीक गुण पडले नाहीत तर मुलाला खऱ्या परीक्षेला सोडतच नाहीत. यामागे मुलाचं भलं असू शकतं, कारण लेव्हल वनचं नापास होणं पुढे रेसिडेन्सीच्या अर्जात दिसतं. पण समजा शंभर मुलं आली, त्यातल्या पंधरांना वेगवेगळ्या कारणांनी मागे ठेवलं किंवा ती सोडून गेली आणि उरलेल्या ८५ पैकी ८२ पास झाली, तर निकाल लागतो ९६ टक्के. ती पंधरा त्या कागदावर कुठेच नसतात. ‘आमच्या ९८ टक्के पदवीधरांना जागा मिळाली’ या वाक्याचंही तेच. पदवीधरांपैकी, की चार वर्षांपूर्वी आत आलेल्यांपैकी? आणि ज्यांना पूर्ण रेसिडेन्सी नाही, फक्त एका वर्षाची प्रिलिमिनरी जागा मिळाली, तीही यात धरली का?

म्हणून मी ईशाला एकच गृहपाठ दिला. दोन्ही कॉलेजांतल्या दोन-दोन मुलांना गाठ. टूर देणारी नकोत, ती हसायलाच नेमलेली असतात. आणि त्यांना एवढंच विचार, ‘तुमच्या वर्गात कोणी अडखळलं, तेव्हा पुढच्या आठवड्यात काय झालं?’ मुलं गाठायला आपलं मराठी मंडळ कामी आलं. कोणाच्या तरी भाच्याची मैत्रीण, कोणाचा तरी जुना रूममेट.

उठता उठता आई-बाबा बाहेर चपला घालत होते, तेवढ्यात ईशा पर्स विसरल्याचं निमित्त करून परत आली. “मावशी, एक विचारू? मी अँक्झायटीच्या गोळ्या घेते. दोन वर्षं. घरी माहीत नाही. तिथे काउन्सेलरकडे गेले तर डीनला कळेल का?”

हा तिचा खरा प्रश्न होता. तिला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. कोकाच्या नियमाप्रमाणे वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास गोपनीय मानसिक आरोग्यसेवा मिळेल अशी सोय कॉलेजला करावीच लागते. आणि तुमच्यावर उपचार करणारी व्यक्ती तुम्हाला गुण देण्यात किंवा पुढच्या वर्षात पाठवायचं की नाही या निर्णयात भाग घेऊ शकत नाही. हे कागदावर. प्रत्यक्षात काय, ते विचारून घ्यायचं: पहिली वेळ किती दिवसांत मिळते, समोर माणूस बसतो की फक्त ॲप, आणि तिसऱ्या वर्षी मुलगी दुसऱ्या राज्यात रोटेशनला, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष शिकायला, गेली असेल तेव्हा काय. एका राज्यातल्या थेरपिस्टला दुसऱ्या राज्यात बसलेल्या माणसावर उपचार करायला बहुतेक वेळा तिथला परवाना लागतो. ही गोष्ट मुलांना फार उशिरा कळते.

तीन आठवड्यांनी ईशा वही घेऊन आली. नव्या कॉलेजातल्या मुलाने सांगितलं होतं की त्याचा लॅब पार्टनर एका विषयात नापास झाला, त्याला हँडबुकचा नियम जोडलेला ईमेल आला, मग कमिटीची तारीख. मधले दहा दिवस कोणी बोललं नाही. जुन्या कॉलेजातली मुलगी स्वतःच एका ब्लॉकमध्ये (अभ्यासक्रमाच्या एका टप्प्यात) नापास झालेली. तिला दुसऱ्या दिवशी लर्निंग स्पेशालिस्टने बोलावून अभ्यासाची पद्धतच तपासली होती. “आणि मावशी, ती लपवत नव्हती. हसून सांगत होती.”

जुनं कॉलेज म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. त्याचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं, बऱ्याच डीओ कॉलेजांचं नसतंच. तिसऱ्या वर्षी मुलं चिठ्ठ्या टाकून चार-चार तासांवरच्या हॉस्पिटलांत विखुरतात. गाडी हवीच, भाडं आपलं. काही ठिकाणी रेसिडेंट डॉक्टरांच्या तुकडीत शिकायला मिळतं, काही ठिकाणी एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात कोपऱ्यात उभं राहायचं. एखादी जागा ऐनवेळी रद्द झाली तर नवी कोण शोधतं, असं ईशाने विचारलं. उत्तर आलं, कॉलेजचं ऑफिस. नव्या कॉलेजने सांगितलं, ‘आम्ही विद्यार्थ्याला मदत करतो.’ या दोन वाक्यांतलं अंतर बाबांच्याही लक्षात आलं.

“एक वर्ष थांबून एमडीला पुन्हा अर्ज केला तर?” त्यांनी शेवटचं विचारून पाहिलं. हातातला प्रवेश सोडून पुन्हा रांगेत उभं राहणाऱ्याकडे कॉलेजं फारशा प्रेमाने बघत नाहीत, एवढंच मी म्हटलं. ईशाने त्याआधीच डिपॉझिट भरलं होतं. मिडवेस्टला.

आज हीच मंडळी आली असती तर मी पैशांपासून सुरुवात केली असती. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. खाजगी डीओ कॉलेजांपैकी बऱ्याच ठिकाणी नुसती फीच त्यावर जाते. वरची रक्कम कॉलेज कशी भागवायला सांगतं, हाही आता विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आधाराचाच भाग झालाय.

२०२४च्या डिसेंबरात पुन्हा त्याच बाईंचा, ईशाच्या आईचा, फोन आला होता. या वेळी आवाज बारीक. “ताई, ईशा ॲनाटॉमीत नापास झाली. आपलं चुकलं का हो?”

मी विचारलं, “तिला कोणी बोलावलं?”

“हो, दुसऱ्याच दिवशी. तिथल्या बाई तासभर बसल्या म्हणे तिच्याबरोबर. जानेवारीत परत परीक्षा आहे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि ताई, तिने आम्हाला त्या गोळ्यांचंही सांगितलं.”

पुढे आम्ही दोघी बराच वेळ बोललो. ॲनाटॉमीचा विषय पुन्हा निघाला नाही.