लँडिंग आवडतं, पण झडप आवडेल का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावी विज्ञानाला आहे. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. जेईईचा क्लास लावलेला आहे. गेल्या वर्षभरापासून त्याला रॉकेटचं वेड लागलंय. रात्री दीड-दोनला गजर लावून उठतो आणि अमेरिकेतलं लाँच लाइव्ह बघतो. रॉकेटचा खालचा भाग परत येऊन समुद्रातल्या जहाजावर उभा राहिला की अंधारात एकटाच टाळ्या वाजवतो. कोणता बूस्टर, म्हणजे हाच खालचा भाग, कितव्यांदा उडाला याची त्याने वही केली आहे, सगळे नंबर तोंडपाठ आहेत. आणि सहामाहीला भौतिकशास्त्रात ७० पैकी ३१ मार्क. त्याचे बाबा म्हणतात, मोबाईल काढून घे. तो म्हणतो, मला स्पेसएक्समध्येच, म्हणजे ही रॉकेटं उडवणाऱ्या अमेरिकी कंपनीतच, नोकरी करायची आहे. मला यातलं काही कळत नाही. हे वेड जपायचं की मोडायचं? – एक आई

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमच्या मुलाच्या त्या टाळ्या मला परक्या नाहीत. १३ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याचा दुसरा दिवस, रविवार. संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना टेक्सासमधून स्पेसएक्सचं स्टारशिप हे महाकाय रॉकेट उडालं. सात मिनिटांत त्याचा बूस्टर परत आला. ७१ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीपेक्षा मोठं ते धूड आगीवर तोल सावरत खाली आलं आणि लाँच टॉवरच्या दोन पोलादी हातांनी त्याला वरच्या वर झेललं. आमच्या टेबलावर आपट्याची पानं अजून तशीच पडली होती आणि घरातले आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो. हे बघून ज्या मुलाच्या अंगावर काटा येतो, त्याचं काही बिघडलेलं नाही. म्हणून मोडा असं मी सांगणार नाही.

जागरण मात्र आजपासून थांबवा. अमेरिकेतल्या दुपारी उडालेलं रॉकेट आपल्याकडे मध्यरात्री दिसतं, त्याला इलाज नाही. पण स्पेसएक्सच्या नेहमीच्या रॉकेटची, एकट्या फाल्कन ९ ची, २०२५ मध्ये दीडशेहून अधिक उड्डाणं झाली, म्हणजे दर दोन-अडीच दिवसांनी एक. त्यातली बहुतेक स्टारलिंकचे, म्हणजे कंपनीच्याच इंटरनेट सेवेचे, उपग्रह घेऊन जाणारी, एकासारखी एक. शिवाय हवामान किंवा एखादा सेन्सर आडवा आला की शेवटच्या मिनिटाला लाँच ‘स्क्रब’, म्हणजे रद्द, होतं आणि पोरगं दोन वाजता उठून नुसतं काउंटडाउन बघून झोपतं. हीच उड्डाणं सकाळी रेकॉर्डिंगवर जशीच्या तशी बघता येतात. नवं रॉकेट पहिल्यांदा उडणार असेल, माणसं अवकाशात जाणार असतील किंवा आपल्या इस्रोचं प्रक्षेपण असेल, तर जागू द्या, जमलं तर तुम्हीही सोबत बसा. बाकीची सकाळी. ‘पेपर चांगला गेला तर लाँच बघायला मिळेल’ असा सौदा मात्र करू नका. आवडीची लाच झाली की ती आवड राहत नाही.

बाबांनाही माझा निरोप द्या. मोबाईल काढून घेतला तर तो लाँच बघायचं सोडणार नाही, तुम्हाला सांगायचं तेवढं सोडेल.

आता त्या वहीकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे. बूस्टरचे नंबर आणि उड्डाणांची संख्या लिहिणं हा चाहत्याचा आनंद आहे. क्रिकेटच्या धावा पाठ असणाऱ्या मुलासारखाच. त्यात गैर काही नाही, पण त्यावरून तो इंजिनीयर होईल की नाही, हे कळत नाही. ते ज्यावरून कळेल अशी एक परीक्षा सांगतो. त्याला यशस्वी लँडिंग नको, फसलेली लँडिंग दाखवा.

१० जानेवारी २०१५ ला फाल्कनचा बूस्टर जहाजापर्यंत पोहोचला आणि त्यावर आदळून फुटला. बूस्टरच्या वरच्या टोकाला जाळीदार पंख असतात, ग्रिड फिन म्हणतात त्यांना. खाली येताना दिशा त्यांच्यामुळे सांभाळली जाते. ते फिरवणारं हायड्रॉलिक तेल ऐनवेळी संपलं होतं. १४ एप्रिल २०१५ ला बूस्टर जहाजावर टेकला आणि कलंडला, कारण इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी एक झडप (व्हॉल्व्ह) हवी तेवढ्या चपळाईने हलली नाही. मग आपल्याकडची २२ डिसेंबर २०१५ ची सकाळ उजाडली. ११ उपग्रह कक्षेकडे रवाना करून बूस्टर फ्लोरिडात जमिनीवर उभा राहिला, पहिल्यांदाच. आणि त्यानंतर महिन्याच्या आत, १७ जानेवारी २०१६ ला, पुढचा बूस्टर जहाजावर नीट उतरूनही आडवा झाला. एका पायाचा खटका लॉक झाला नव्हता. जहाजावरचं पहिलं यशस्वी लँडिंग त्यानंतर, ८ एप्रिल २०१६ चं. आज एकेक बूस्टर तीस-तीस वेळा उडतो, तो या तेल, झडप आणि खटक्याच्या जोरावर.

ताई, रॉकेट बनवणाऱ्या माणसाचं आयुष्य त्या झडपेत जातं. लँडिंग आठ-साडेआठ मिनिटांत संपतं, पण ती झडप का अडकली, थंडीत तिचं काय होतं, तिच्यातली घर्षणाची जागा कोणती, यावर कुणीतरी महिनेच्या महिने बसलेलं असतं. तेव्हा तुमच्या मुलाला एप्रिल २०१५ चा व्हिडिओ लावून द्या आणि शेजारी गप्प बसा. तो ‘अरेरे, पडला’ म्हणून पुढचा व्हिडिओ लावतो, की मागे नेऊन ‘नेमका कुठल्या क्षणी वाकडा व्हायला लागला?’ हे बघतो? दुसरं होत असेल तर त्या मुलात इंजिनीयर आहे, ३१ मार्क असले तरी. पहिलं होत असेल तरी घाबरू नका. तो अकरावीत आहे आणि या प्रश्नाची गोडी लावता येते.

ती लावायची कशी, तर त्याच वहीत. लाइव्ह चित्राच्या खाली वेग आणि उंचीचे आकडे सतत दिसतात. त्याला सांगा, एका उड्डाणाचे हे आकडे दर दहा सेकंदांनी वहीत उतरव. ताशी किलोमीटरचे मीटर प्रतिसेकंद कर, ३.६ ने भाग. मग वेळ आणि वेगाचा आलेख काढ. जिथे आलेखाची चढण जास्त तिथे त्वरण जास्त, हे त्याच्या पुस्तकात पहिल्या काही धड्यांतच आहे. उड्डाणानंतर साधारण मिनिटभराने चढण थोडी मंदावेल. हवेचा दाब रॉकेटला सर्वांत जास्त जाणवतो तो हाच टप्पा, म्हणून इंजिनं थोडी आवरती घेतात. अडीच मिनिटांच्या आसपास बूस्टर सुटा होतो. तिथून त्याची इंजिनं बंद, तरी तो वर जातच राहतो आणि वेग मात्र घटत जातो. का? खाली येताना वेग पुन्हा वाढतो, तीन इंजिनं पेटली की झपकन उतरतो. आणि मग एक गंमत दिसते. इंजिनं बंद झाल्यावरही वेग कमीच होत जातो, गुरुत्वाकर्षण खाली ओढत असूनही. दाट हवेचा अवरोध किती मोठा असतो, हे त्याला क्लासमधल्या कुठल्या सूत्राने पटलं नसेल तेवढं या रेषेने पटेल.

शेवटचे तीस सेकंद तर सोनं आहेत. फाल्कनचं एक इंजिन अगदी मंद केलं तरी त्याचा जोर जवळपास रिकाम्या झालेल्या बूस्टरच्या वजनापेक्षा जास्तच भरतो. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं अधांतरी थांबून, जागा बघून उतरणं त्याला शक्य नाही. वेग शून्य व्हायला हवा तो बरोबर जहाजाला पाय लागताना. आधी शून्य झाला तर बूस्टर पुन्हा वर जायला लागेल, उशिरा झाला तर आपटेल. आता आपल्या सोयीचे सोपे आकडे धरू. बूस्टर सेकंदाला २५० मीटरने खाली येतोय आणि इंजिन पेटल्यावर त्याचा वेग सेकंदाला १० मीटरने घटतो. मुलाने पाठ केलेलं ‘व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस’ इथे लावलं की उत्तर येतं ३,१२५ मीटर. त्या उंचीवर इंजिन पेटलं पाहिजे. एकच सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात बूस्टर २५० मीटर खाली आलेला असतो, आणि जहाजावर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर असतो. हे गणित त्याने स्वतःच्या हाताने केलं की पुढच्या लँडिंगला तो टाळ्या वाजवेल त्या वेगळ्या असतील. प्रत्यक्षातलं गणित अर्थातच फार पुढचं आहे. ते बसवणाऱ्यांतले लार्स ब्लॅकमोर आधी नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत मंगळावर नेमक्या जागी उतरण्याचं गणित सोडवत होते. पण त्याची सुरुवात अकरावीच्या याच सूत्रापासून होते.

आता नोकरीचं. इथे मला थोडं कडू बोलावं लागेल आणि ते आजच बोललेलं बरं. अमेरिकेच्या कायद्यात रॉकेट तंत्रज्ञान शस्त्रास्त्रांच्या निर्यात-नियमांखाली येतं. त्यामुळे तिथल्या रॉकेट कंपन्या साधारणपणे अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांनाच घेतात. भारतातून एम. एस. करायला गेलेली हुशार मुलंसुद्धा या दारात अडतात. कर्ज काढून तिकडे पाठवण्याचा विचार ‘स्पेसएक्समध्ये नोकरी’ या एका आशेवर करू नका.

पण तो ज्यासाठी रात्री उठतो ते काम आता आपल्याकडे सुरू झालंय, हे त्याला ठाऊक आहे का? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इस्रोच्या पुढच्या पिढीच्या रॉकेटला, एनजीएलव्हीला, ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टन नेणारं हे रॉकेट, आणि त्याचा पहिला टप्पा परत आणून पुन्हा वापरायचा आहे. मुदत आठ वर्षांची. आज अकरावीत असलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा हे काम ऐन रंगात असेल. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रोचं विकास हे रॉकेट इंजिन बंद करून पुन्हा पेटवण्याची चाचणी झाली. परत येणाऱ्या बूस्टरला नेमकं हेच जमावं लागतं. त्याआधी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ ‘पुष्पक’ हे पंखांचं यान हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून सोडलं आणि ते आपणहून धावपट्टीवर उतरलं, २०२३ आणि २०२४ मिळून तीनदा. खासगीतही हैदराबादची स्कायरूट, चेन्नईची अग्निकुल या रॉकेट कंपन्या आहेत.

वाटा सांगतो. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विभागाची स्वतःची संस्था. तिथे बी. टेक.ला जेईई अॅडव्हान्स्डच्या आधारे प्रवेश मिळतो. आयआयटी मुंबईत एरोस्पेस विभाग आहे. पण ‘एरोस्पेसच हवं’ हा हट्ट नको. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता भरतीत मोठा भाग मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचा असतो, आणि पदवीला किमान ६५ टक्के मागतात. अॅडव्हान्स्ड नाही जमली तर एमएचटी-सीईटीतून चांगलं मेकॅनिकल घ्यावं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनीयरिंग कॉलेजच्या मुलांनी जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ ला तो इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटमधून गेला. त्यातले बहुतेक एरोस्पेसवाले नव्हते. डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांसाठीही इस्रोत टेक्निकल असिस्टंट, टेक्निशियनच्या जागा निघतात, आणि त्या हातांशिवाय एकही रॉकेट उभं राहत नाही.

यासाठी फार लांबही जायला नको. तुमच्यापासून काही तासांवर, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग, म्हणजे इंधन भरायची पोलादी नळकांडी, बनतात. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात. ज्या मुलाला रॉकेट म्हणजे फ्लोरिडा वाटतं, त्याला हे सांगा. आणि एकदा जमवून श्रीहरिकोटाला न्या. इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून तिथल्या गॅलरीतून प्रक्षेपण बघता येतं. चेन्नईला उतरायचं, सुल्लूरपेटाची गाडी धरायची. तारीख ऐनवेळी पुढे ढकलली जाऊ शकते, हे धरून एखाद-दोन दिवस हाताशी ठेवा.

मार्कांबद्दल एकच. ३१ हे कमी आहेत आणि त्याला रॉकेटचं कारण पुढे करू देऊ नका. क्लासच्या सरांना भेटून कोणत्या प्रकरणात गुण गेले ते पाहा. गतीचे नियम, कार्य-ऊर्जा यांतच गेले असतील तर वरचा आलेख हा त्याचा अभ्यासच आहे. रोज अर्धा तास, दोन महिने. त्यानंतरही आकड्यांत त्याला रस वाटला नाही, तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरी दिशा बघू. रॉकेट बघण्याचा आनंद कुठलंही काम करणाऱ्या माणसाला आयुष्यभर पुरतो.

जाता जाता, त्याच्यासाठी एक प्रश्न देतो. वरच्या गणितात एकाऐवजी अर्धाच सेकंद उशीर झाला, तर आदळण्याचा वेगही निम्मा होईल का? उत्तर मी मुद्दाम लिहीत नाही. त्याने ते काढावं आणि रात्री जेवताना तुम्हाला आणि बाबांना समजावून सांगावं.