मोर्च्याचे फोटो मशीनकडून तपासून घेता येतात का?

तुम्ही विचारलंय की हिवाळी अधिवेशनातल्या मोर्च्यांचे फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे फोटो संगणकाकडून तपासून घेऊन एम.ए.चा शोधनिबंध होईल का, आणि कोडिंग येत नसेल तर अडेल का.

होईल. कोडिंग अडणार नाही, मारबत अडवेल, म्हणजे नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक.

हसू नका. मी हे काम केलंय. ज्या फोटोला माझ्या मॉडेलनं, म्हणजे फोटो ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रॅमनं, 'आंदोलन' म्हणून भरभरून गुण दिले, तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचा निघाला. इतवारीतली गर्दी, मारबतीतला उंच पुतळा म्हणजे बडग्या, त्याच्या गळ्यात महागाईची पाटी. मशीनला गर्दी दिसली, पाटी दिसली, त्याचं काय चुकलं? आणि खरं सांगा, महागाईला शिव्या घालत निघालेला बडग्या आंदोलन नाही तर काय आहे? मी आणि माझा मित्र यावर टपरीवर तासभर भांडलो. शेवटी 'सण, पण राजकीय' असा वेगळा रकानाच काढला. असे रकाने आधी स्वतः ठरवा, शेपाचशे फोटो डोळ्यांनी तपासा, मग मशीनला हात लावा.

लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१७ साली ४०,७६४ फोटो वापरून असंच मॉडेल केलं. पाटी, आग, पोलीस हे माणसांकडून टिपून घेतलं. हिंसेला मात्र आकडा मागितला नाही. दोन फोटो शेजारी ठेवून 'यात जास्त हिंसक कोणता?' एवढंच विचारलं. ही युक्ती जरूर उचला. फक्त त्यांच्या यादीत निळा झेंडा आणि भगवा झेंडा यांतला फरक नाही, तो तुम्हाला घालावा लागेल.

गर्दी मात्र अशा फोटोंवरून मोजू नका. पुढे बसून काढलेल्या फोटोत दोनशे माणसंही टेकडी रोड भरून टाकतात. वरून काढलेला फोटो मिळाला तर अमेरिकी प्राध्यापक हर्बर्ट जेकब्जची जुनी पद्धत आहे: रस्त्याचं क्षेत्रफळ काढायचं, विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाटीत साडेचार.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत वेळ-ठिकाणाची माहिती सहसा उरत नाही, म्हणून मागचं दृश्य बघा. वर्धा रोड म्हणतायत आणि डोक्यावर मेट्रोचा पूल नाही? मग तो बहुधा मेट्रोच्या आधीचा, कालच्या मोर्च्याचा नाही. आणि निबंधात छापताना चेहरे झाका, पोलिसांचेही.