खेड्यातच राहून आयुष्य लोकांसाठी घालवलेली एक बाई: अनुताई वाघ

तुमचा प्रश्न असा आहे: "मोठ्या शहरात न जाता खेड्यातच राहून सगळं आयुष्य लोकांसाठी दिलेल्या बाईचं खरंखुरं उदाहरण आहे का? आणि इतकी वर्षं टिकून राहायचं बळ येतं कुठून?" पुढे लिहिलंय की शिक्षणसेवक म्हणून तुमची नेमणूक आडगावी झाली आहे आणि घरचे जाऊ नको म्हणताहेत.

ताई, माझं उत्तर एकच आहे. अनुताई वाघ.

मी बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात २८ वर्षं अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त आहे. अनुताईंना मी कधी भेटले नाही, पण माझ्या हातून जे काही बरं काम झालं त्याची वाट त्यांनी आणि त्यांच्या गुरू ताराबाई मोडकांनी पाडलेली होती. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. गणपतीचं मोरगाव, तेच. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं ते आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला सांगितलेलं आहे, मी वेगळं लिहीत नाही. पण ही मुलगी शिकली. प्राथमिक शिक्षिका झाली, पुढे पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी मिळाली. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायला बसायचं, असं करून मॅट्रिक झाली. पुण्यात, नावाजलेल्या शाळेत कायमची नोकरी! एकट्या बाईला त्या काळात याहून सुरक्षित जागा कुठली असणार?

ती त्यांनी सोडली. कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविकांच्या शिबिरासाठी त्या बोरिवलीला गेल्या, तिथे ताराबाईंची गाठ पडली, आणि १९४५ साली वयाच्या पस्तिशीत त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, चिकूच्या वाड्यांचं. तेव्हा ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर. गावात बागाईतदार आणि शिकलेली घरं होती, हायस्कूल होतं. पण गावाबाहेरच्या वस्तीत आणि पाड्यांवर शाळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. वारली माणसं जमीनदाराच्या वेठबिगारीत पिचलेली होती. त्याच वर्षी, त्याच मुलखात कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांनी वेठीविरुद्ध वारल्यांना उभं केलं. दोन्ही कामं वेगळ्या वाटेची होती, पण ती का लागली याचं कारण एकच होतं.

ताराबाई काही साध्यासुध्या नव्हत्या. गुजरातमधल्या भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीवर, म्हणजे मुलांनी साधनं हाताळत स्वतः शिकायच्या पद्धतीवर, काम केलं होतं. पण मॉन्टेसरीची साधनं महाग. ती खेड्यात आणायची कशी? या दोघींनी आणलीच नाहीत. शंख-शिंपले समुद्रावर फुकट मिळतात. चिंचोके, गुंजा, खडे, पानं, माती, बांबू, सगळं दारात. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे मुलाला शिंपल्यानेही कळतं. माझ्या अंगणवाडीत सरकारी खेळणी यायची तेव्हा यायची. चिंचोक्यांचा डबा मात्र कधी रिकामा पडला नाही, आणि हे मी प्रशिक्षणात कोसबाडच्या, म्हणजे या दोघींच्या पुढच्या केंद्राच्या, नावानेच शिकले होते.

बोर्डीतली बालवाडी सुरू झाली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. मग या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळी घालायच्या, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. आया दारातून बघायच्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव लागलं. आज देशभर ज्या शब्दाने लाखो बायका ओळखल्या जातात, तो या दोन बायकांच्या पायपिटीतून आलेला आहे. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं कोसबाडचं काम. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट आदिवासी पाड्यांच्या जवळ. तिथे अडचण वेगळी होती. सहा-सात वर्षांचं मूल शाळेत येत नव्हतं, कारण त्याच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, नाहीतर त्याच्यामागे गुरं. मूल शाळेला कंटाळलेलं नव्हतं, ते कामावर होतं! तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. हीच विकासवाडी. आणि गुरांमागची मुलं? त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेला. गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं शिकताहेत, अशी कुरणशाळा.

हे वाचायला सोपं वाटतं. मला ते किती अवघड आहे ते एका पोरीमुळे कळलं. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. जी घरं मागे राहतात तिथे आई मजुरीला आणि घर पोरीवर. एक नऊ वर्षांची मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन माझ्याकडे यायची आणि दिवसभर तिथेच बसायची. भाऊ माझ्या पटावर, ती शाळेच्या पटावर, पण शाळेत कायम गैरहजर. तिला जा म्हटलं की तो रडून आकाशपाताळ एक करायचा. तपासणीला आलेल्या एकांनी मला सुनावलं, "मोठ्या पोरांना बसवून घेऊ नका, आहार मोजून येतो." नियमाने त्यांचं बरोबर होतं. पण मी तिला उठवलं असतं तर ती शाळेत गेली नसती, घरी गेली असती.

मला विकासवाडी आठवली. आमची खोली शाळेला लागूनच होती. मी गुरुजींना जाऊन विनंती केली की हिला खिडकीजवळ बसवा, भावाला ती इथून दिसू दे. भले माणूस, लगेच हो म्हणाले. पहिले आठ-दहा दिवस तो पोरगा खिडकीचे गज धरून उभा असायचा. नंतर चिंचोक्यांत रमला. ती पोरगी पुढे सातवी झाली. मी काही नवीन शोधून काढलं नव्हतं, ताई. कुणीतरी आधी करून ठेवलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, बळाचा. त्यागाबिगाने माणूस इतकं टिकतं असं मला वाटत नाही. अनुताईंचं शिकणं कधी थांबलं नाही, हे मला खरं कारण वाटतं. टेकडीवर कामाचा डोंगर असताना त्यांनी १९६१ साली बी.ए. केलं, वय ५१. दुसरं म्हणजे त्या एकट्या नव्हत्या. अठरा वर्षांनी मोठ्या ताराबाई शेजारी होत्या. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या तेव्हा अनुताई ६३ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे ५८ ला निरोप समारंभ होतो. त्यांनी मात्र पुढची १९ वर्षं सगळा भार स्वतः वाहिला, मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी झटल्या, बायकांना जागं करायचं काम हाती घेतलं, लिहीत राहिल्या. १९८५ ला पद्मश्री मिळाली, ती आनंदाचीच गोष्ट, पण तोवर बोर्डी-कोसबाडला येऊन त्यांना ४० वर्षं झाली होती. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या, वयाच्या ८२ व्या वर्षी.

घरच्यांची काळजी खोटी नाही. राहायची खोली, रात्रीची सोबत, दवाखाना किती लांब, शेवटची एसटी किती वाजता, हे आधी बघून या, आईला बरोबर घेऊन जा. मीही नवी असताना गावातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंच्या घरी राहिले होते, त्यांच्यामुळेच निभावलं. पण जा.

गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक करा. पट उघडून सततच्या गैरहजर मुलांची नावं काढा आणि संध्याकाळी त्यांच्या दारात जा. रागवायला नको, नुसतं बसा. घरात तान्हं कोण आहे, शेळ्या किती, पाणी कोण भरतं, आई किती वाजता येते, हे बघा. मूल का येत नाही ते तिथे आपोआप कळतं.

आणि तालुका कोणता मिळाला ते कळवा. ऊसतोडीचा भाग असेल तर दिवाळीनंतर पट रिकामा व्हायला लागतो. तेव्हा मुलांना गावात कसं थांबवून घ्यायचं, आजी-आजोबांशी काय बोलायचं, ते मी सविस्तर लिहीन.