गरोदरपणातल्या व्यसनाबद्दल सासरचे माझ्यावर केस करू शकतात का?

प्रश्न : माझं सासर वाळवा तालुक्यात, माहेर कराडजवळ. सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. मिश्रीची सवय लहानपणापासूनची. दोन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी ट्रामाडोलच्या गोळ्या दिल्या, त्या सुटल्याच नाहीत. आता चिठ्ठीशिवाय ओळखीनं मिळवते. नणंदेनं गोळी घेतानाचा व्हिडिओ काढलाय. ‘बाळाला विष घालतेस, आत टाकू, बाळ झालं की काढून घेऊ’ अशी धमकी आहे. अमेरिकेत अशा बायकांना जेलमध्ये टाकतात म्हणे. पाचशेच्या स्टॅम्पवर बाळावरचा हक्क सोडल्याची सही मागतायत. डॉक्टर पोलिसांना कळवतील या भीतीनं मी तपासणीला जाणंच बंद केलं. काय करू?

उत्तर : ताई, आधी तपासणीला जा. कोर्टकचेरीचं नंतर बघता येईल.

आपल्याकडं गरोदर बाईनं व्यसन केलं म्हणून वेगळा गुन्हा लावणारा कायदा नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ८८ ते ९२ गर्भपात आणि न जन्मलेल्या जिवाबद्दल आहेत, पण ती गर्भ पाडण्याच्या किंवा मूल जिवंत जन्मू नये या हेतूनं केलेल्या कृत्यांसाठी, किंवा सदोष मनुष्यवधाच्या तोडीच्या कृत्यांसाठी. सवय सुटत नाही यात असा कुठलाच हेतू नसतो. बाल न्याय कायद्यातलं मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. पोटातलं बाळ त्यात मोडत नाही. मिश्री तर तंबाखू. ती अमली पदार्थांच्या कायद्यात येतच नाही. तिनं बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते, म्हणून ती सोडायलाच हवी. पण तिच्यासाठी कोणी तुम्हाला अटक करणार नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर ते खोटं नाही. साउथ कॅरोलायनात असे खटले झाले आहेत. टेनेसी राज्यानं २०१४ साली तसा कायदाच केला. भीतीनं बायका दवाखान्यापासून लांब राहतात, अशी ओरड तिथं झाली आणि २०१६ मध्ये मुदत संपल्यावर तो कायदा पुढं चालू राहिला नाही. तुम्ही तरी आज दुसरं काय करताय? वाळव्यात टेनेसीचा कायदा चालत नाही, एवढं नणंदेला सांगा.

गोळ्यांचं मात्र स्पष्ट सांगते. २०१८ पासून ट्रामाडोल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती जवळ बाळगणं आणि घेणं हा गुन्हा होतो; तुम्ही गरोदर असा वा नसा. कलम २७ प्रमाणे अशा सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याबद्दल तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणून सरकारी ठिकाणीच जा : मिरजेचं सिव्हिल, किंवा माहेरी असाल तर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. घरात गोळ्यांचा साठा ठेवू नका आणि दुसऱ्या कोणाला एकही देऊ नका. तिथं हे संरक्षण तोकडं पडतं.

घाबरून गोळ्या एकदम बंदही करू नका. ट्रामाडोल अफूच्या जातीचं औषध आहे. गरोदरपणात ते अचानक तोडणं बाळालाही त्रासाचं ठरू शकतं. कसं कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील. जन्मानंतर बाळाला त्या औषधाची उणीव भासून त्रास होऊ शकतो, त्यावर उपचार आहेत. फक्त बालरोगतज्ज्ञांना आधी माहीत हवं.

डॉक्टरांनी व्यसनाची खबर पोलिसांना दिलीच पाहिजे, असं कायदा सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांशी निगडित आजार येतात आणि कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतं. बेशुद्ध अवस्थेत न्यावं लागलं तर दवाखाना पोलिसांत नोंद करू शकतो. ती वेळ येऊ देऊ नका.

सासरच्यांचा खरा जोर ताब्यावर असणार. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ सांगतो की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडं. हे ‘सामान्यतः’ व्यसनाच्या पुराव्यानं हलू शकतं, कारण कोर्ट शेवटी बाळाचं हित पाहतं. व्हिडिओ तिथं दाखवतील. त्याला तोड म्हणजे तुमचे केसपेपर : कोणत्या तारखेला स्वतःहून गेलात, किती वेळा गेलात, डॉक्टर काय म्हणाले. उपचाराचे कागद आपल्याविरुद्ध जातात असं समजून बायका ते फाडून टाकतात. मी एकही कागद फाडू देत नाही. उपचारासाठी दाखल व्हावं लागलं, तरी तीन वर्षांखालचं मूल सामान्यतः आईपासून तोडू नये, असं याच २०१७ च्या कायद्याचं कलम २१ म्हणतं.

दवाखान्यात जाऊ न देणं, धमकावणं हा २००५ च्या कायद्याप्रमाणे कौटुंबिक हिंसाचार आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज करा; माहेरी राहत असाल तर कराडलाही चालतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहेच, तिचा फायदा घ्या. वकिलाचा खर्च करू नका. बाईला तिच्या उत्पन्नाकडं न पाहता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत किंवा १५१०० वर फोन करून. व्यसनासाठी हेल्पलाइन १४४४६.

आता तो स्टॅम्प. सही करू नका. केली असेल तरी असल्या कागदानं आईचा हक्क संपत नाही. बाळाच्या हिताचा निर्णय कोर्ट घेतं, स्टॅम्पपेपर नाही. दमदाटीनं घेतलेल्या संमतीला करार कायद्यात किंमत नाही. सहीसाठी कोणी, कधी, कोणासमोर गळ घातली ते आजच तारखेसह लिहून ठेवा. आणि सासरच्या वकिलाची नोटीस आली तर उत्तर स्वतः लिहू नका. विधी सेवेचा वकील मिळाल्यावर त्याच्या हातात द्या.