भाजीचे मोमो घरी करताना: वाचकांचे प्रश्न

मोमो वाफवून काढले की तळाशी फाटतात आणि पाणी गळतं. पारी जाड केली तर कच्ची लागते. कुठे चुकतं? (नाशिक)

पारीला दोष देऊ नका, कोबीकडे बघा. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ लागलं की ते सुटू लागतं. मीठ घातलेलं सारण ताटात तसंच ठेवून निवांत मोमो भरत बसलं, तर शेवटच्या दहाबारांचा तळ वाफ लागण्याआधीच भिजलेला असतो.

म्हणून हे पाणी आधीच काढायचं. ४०० ग्रॅम कोबी सुरीने अगदी बारीक चिरा. किसू नका, लगदा होतो. सपाट चहाचा चमचाभर मीठ चोळून २० मिनिटं ठेवा, मग स्वच्छ पंच्यात बांधून जोर लावून पिळा. मूठ उघडली की कोबीचा गोळा तसाच राहायला हवा आणि पुन्हा दाबल्यावर थेंब पडता कामा नये. त्यात १०० ग्रॅम किसलेलं गाजर, एक मोठा कांदा बारीक चिरून, १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर, ठेचलेलं आलं आणि लसूण प्रत्येकी दोन चहाचे चमचे, अर्धा चमचा मिरपूड घाला. मीठ चव बघूनच, कारण कोबीत बरंचसं उरलेलं असतं. सोया सॉस चमचाभर पुरे. जास्त झाला की सारण काळपट दिसतं आणि पुन्हा ओलं होतं.

शेवटी दोन मोठे चमचे वितळवलेलं लोणी किंवा तेल. हे बरेच जण टाळतात आणि मग सारण भुसभुशीत झालं म्हणतात. मांसाच्या मोमोला रस येतो तो बराचसा चरबीचा. भाजीत ती नसते, आपणच घालावी लागते.

भाज्या परतून घेतल्या तरी चालतं, पण कुरकुरीतपणा जातो. परतलेलं सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. गरम सारणाने पारी सैल पडते.

मैद्याला पाणी किती, आणि गार की गरम? लाटलेली पारी सारखी आकसते. (डोंबिवली)

२५० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ, १२५ ते १३० मिली पाणी. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. चीनमध्ये पाण्यात उकडायच्या च्याओझंसाठी (तिथला मोमोसारखा पदार्थ) गार पाण्याने आणि वाफवायच्या प्रकारांसाठी बहुधा गरम पाण्याने पीठ भिजवतात. उकळतं पाणी ओतलं की मैद्यातला स्टार्च फुगतो आणि ग्लुटेनचा ताण कमी होतो, त्यामुळे पारी मऊ राहते व सहज लाटली जाते. मोमोसाठी निम्मं पाणी उकळतं आणि निम्मं साधं घेतलं तर दोन्हीचा फायदा मिळतो.

आकसते ती पीठ मुरलं नाही म्हणून. दहा मिनिटं मळा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, पुन्हा मिनिटभर मळा. इतक्या पिठाच्या १० ते ११ ग्रॅमच्या साधारण ३५ लाट्या होतात. पारी ८ ते ९ सेंटिमीटरची, कडा पातळ आणि मध्यभाग किंचित जाड. वर कळ्या गोळा होतात तिथे पिठाचे थरावर थर बसतात. कडा जाड असली तर तोच गठ्ठा कच्चा राहतो. मध्य जाड ठेवला की तळ सारणाचं वजन पेलतो.

मैद्याऐवजी कणीक चालेल का? (सांगली)

चालेल, पण पारी नितळ दिसणार नाही. कोंड्यामुळे ती कळ्यांपाशी चिरते. कणीक बारीक चाळून घ्या, २५० ग्रॅमला पाणी दीडशे मिलीच्या आसपास लागेल, आणि तासभर मुरू द्या. पहिल्यांदा निम्मा मैदा घाला.

मोदकपात्रात वाफवले तर चालतील? काहींच्या कळ्या उघडतात. (बडोदा)

मोदकपात्र उत्तमच. चाळणीला तेलाचा हात लावा किंवा कोबीची पानं पसरा. मोमो फुगतात, म्हणून दोघांत बोटभर अंतर ठेवा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच चाळणी ठेवायची. सारण कच्चं असेल तर १० ते १२ मिनिटं. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वरून चिकट डाग पडतात. पारी चकचकीत दिसली आणि ओल्या बोटाला चिकटली नाही की झाले. पंधरा मिनिटांच्या पुढे गेलात तर तळ चिघळतो.

कळ्या उघडण्याची कारणं तीन: कडेवर राहिलेली पिठी, कडेला लागलेलं तेलकट सारण, किंवा लाटून वाळलेली पारी. एका वेळी पाचसहाच लाटा, बाकीच्या लाट्या झाकून ठेवा. कडेला पाण्याचं बोट फिरवा आणि सारण चहाच्या चमच्याने एक चमचा, त्यापुढे मोह नको.

नेपाळी पद्धतीच्या चटणीत टिमूर लागतं म्हणतात. ते इथे मिळत नाही. (रत्नागिरी)

तुमच्याकडे तिरफळं आहेत की! दोन्ही एकाच कुळातली, जिभेला तशीच झिणझिणी आणणारी. तिरफळाचा वास जास्त उग्र असतो, म्हणून चार-पाचच घ्या आणि आतली काळी बी काढून फक्त टरफलं वापरा.

चार टोमॅटो थेट जाळावर भाजून सोला. तीन मोठे चमचे तीळ कोरडेच गुलाबीसर भाजा. करपले तर चटणी कडवट होते. पाच सुक्या लाल मिरच्या, सहा लसूणपाकळ्या, तिरफळं आणि मीठ घालून सगळं वाटा. काठमांडूतल्या झोल मोमोसाठी हीच चटणी पाणी घालून आमटीइतकी पातळ करतात आणि मोमोवर ओततात. बाजारची शेजवान चटणी हे काम करत नाही, तिच्यात तिळाचा दाटपणा नसतो.

एकदम शंभर करून ठेवायचे आहेत. कच्चे ठेवावेत की वाफवून? (न्यू जर्सी)

कच्चे. पिठी भुरभुरलेल्या ताटात सुटे मांडून आधी कडक होईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, मग पिशवीत भरा. फ्रिजच्या साध्या कप्प्यात रात्रभर ठेवू नका, सकाळी सगळे ताटाला चिकटलेले मिळतील. महिनाभरात संपवा. वाफवताना वितळू न देता तसेच पात्रात टाका आणि वेळ १५ मिनिटं धरा.

वाफवून उरलेल्यांचं कोथे मोमो करा: तव्यावर दोन चमचे तेलात फक्त तळ लालसर करायचा, पाव वाटी पाणी शिंपडून लगेच झाकायचं, पाणी आटलं की काढायचे.