बंद दार, हिंदी उत्तरं आणि ताटापुढचा मोबाइल

प्रश्न : मुलगा अकरावीत, भंवरकुआंला कोचिंग. घरी आला की दार बंद. रात्री दीडपर्यंत जागा, सकाळी उठवलं की अंगावर येतो. हे म्हणतात, कडीच काढून टाकू. – एक आई, सुदामा नगर, इंदूर

कडी राहू द्या. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ तासा-दोन तासांनी पुढे सरकतं. मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, उशिरा स्रवतं. त्यामुळे त्याचं जागणं म्हणजे सगळा आळशीपणा नव्हे. पण झोप 8 ते 10 तास लागतेच. साडेदहाला मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे, ह्यांचाही. रविवारी तासभर जास्त झोपू दे. दुपारपर्यंत झोपला तर सोमवार पुन्हा वाया.

दाराचं म्हणाल, तर तो चपला काढत असताना घरातून पहिला आवाज कोणता येतो? ‘टेस्टमध्ये किती आले?’ आठ दिवस हा प्रश्न बंद ठेवून बघा. माझ्याकडे येणाऱ्या एका बाबांना मी म्हटलं, समोर बसवून बोलू नका, स्कूटरवर मागे बसवा आणि सराफ्यात खायला न्या. भुट्ट्याचा कीस अर्धा संपल्यावर पोरगं दोण्यात बघत म्हणालं, ‘बाबा, फिजिक्स डोक्यावरून जातंय.’ बाबांनी फक्त ‘हं’ म्हटलं. तेवढंच जमायला त्यांना तीन महिने लागले होते!

मात्र झोप, भूक, मित्र सगळंच दोन आठवडे तुटलं असेल किंवा तो ‘मी नसलेलाच बरा’ असं काही बोलला, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं.

प्रश्न : सात वर्षांचा नातू माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देतो, मला ‘दादी’ म्हणतो. सून म्हणते, दोन भाषांनी गोंधळेल. – एक आजी, इंदूर

सूनबाईंना सांगा, गोंधळत नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं शब्दांची सरमिसळ करतातच. त्याला तुमचं सगळं कळतंय, अर्धं काम झालंय. तो ‘पानी चाहिए’ म्हणाला की ‘पाणी हवंय? माठातलं घे’ म्हणा आणि पुढे चला. ‘आधी मराठीत माग’ म्हणून पेला अडवून धरू नका, पाहुण्यांपुढे परीक्षाही नको. पोह्यांवर शेव त्याला घालू द्या, पत्ते कुटा. भाषा तिथे चिकटते. आणि आजी, आपण इंदूरकर मोठी माणसं तरी घरात सलग पाच वाक्यं मराठीत बोलतो का? ‘दादी’ जिव्हारी लागतं खरं, पण तो राग त्याच्यावर काढू नका.

प्रश्न : तीन वर्षांची मुलगी मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही.

बंद करा. तीन-चार दिवस रडारड होईल. या वयाला दिवसाला 1 तासाहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी तितकं बरं. धडधाकट मूल एक वेळ कमी जेवलं तर बिघडत नाही. वजनच वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. भरवू नका, तिचं ताट तिला द्या, तुमचे फोनही दुसऱ्या खोलीत ठेवा. वरणाचे हात सोफ्याला लागतील, तेव्हा त्यावर एखादी जुनी चादर टाकून ठेवा.